नऊ महिने इलेक्ट्रॉनिक ड्रमवर, नील पीअर्टसाठी

एप्रिलअखेर सेट घरी आला तेव्हा सोलापुरात पारा चाळिशी ओलांडून गेला होता. तिसऱ्या मजल्यावर खोकी चढवताना मी आणि धाकटा भाऊ घामाने निथळलो. तरी त्याच रात्री सगळं जोडून बसलो, कारण घेण्यामागचं कारणच तसं होतं. मला नील पीअर्ट, रश या कॅनडातल्या रॉक बँडचा ड्रमर, वाजवायचा होता. ऐकत मी बारा वर्षं आले आहे. हातापायांनी कधी करून पाहिला नव्हता.

सेट मधल्या किमतीचा, 50 हजारांच्या आतला. पायाने वाजवायची किक, 10 इंची स्नेअर (समोरचा मुख्य ड्रम), 8 इंची तीन टॉम (छोटे ड्रम), हे सगळे जाळीचे. हाय-हॅट (पेडलने उघडमीट होणारी झांजांची जोडी), क्रॅश आणि राइड या झांजा रबरी. एकूण आठ पॅड आणि एक मॉड्यूल, म्हणजे आवाज काढणारा डबा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले बहुतेक सेट अशाच घडणीचे असतात आणि मी लिहिते आहे ते जवळपास सगळ्यांना लागू पडेल.

आधी शेजाराचं सांगते, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. जाळीच्या पॅडचा आवाज खरंच कमी आहे, शेजारच्या खोलीत टीव्ही लावला तर ऐकूही येत नाही. पण किकचं पेडल जमिनीतून जातं. चौथ्या दिवशी खालच्या काकू वर आल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "अगं, रात्री तुमच्याकडं कोणी चटणी कुटतंय का?" जाड गालिचा घातला, त्यावर जुन्या चादरींच्या चार घड्या घातल्या, फरक पडला नाही. शेवटी 18 मिलिमीटरच्या प्लायवूडच्या दोन फळ्या घेतल्या, खालच्या फळीत भोकं पाडून टेनिसचे चेंडू बसवले आणि वरची फळी त्यांच्यावर नुसती टेकवली. सेट त्या फळीवर ठेवला. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, आता फक्त स्वयंपाकघरात उभं राहिलं की थोडं जाणवतं. रात्री नऊनंतर किकला डबल पेडल (दोन्ही पायांनी वाजवायचं) लावत नाही, एवढं पथ्य मी स्वतःच घालून घेतलं आहे.

आता पीअर्टचं. कॅनडातल्या ओंटारिओचा हा माणूस 1974 च्या जुलैअखेर रशमध्ये आला आणि 2015 पर्यंत त्याच तिघांच्या बँडमध्ये राहिला. गेडी ली बास वाजवायचा, गायचा, वर कीबोर्डही सांभाळायचा; अ‍ॅलेक्स लाइफसन गिटारवर; आणि ड्रमसोबत बहुतेक गाण्यांचे शब्द पीअर्टचे. भावाने मला त्यांचा 1981 चा 'मूव्हिंग पिक्चर्स' हा अल्बम ऐकवला, तिथून मी अडकले. भाऊ पुण्याला नोकरीला आहे. दर पंधरवड्याला हुतात्मा एक्स्प्रेसने येतो, आणि रविवारी आमच्याकडे बैठक बसते: तो, मी आणि अण्णा.

अण्णा वडिलांचे मित्र, पूर्व भागातले पद्मशाली. उभं आयुष्य चादरीच्या मागांवर गेलं, आणि तेवढीच वर्षं भजनात तबल्याला बसले. इंग्रजी गाण्यातला एक शब्द त्यांना कळत नाही आणि मात्रा एक चुकत नाही. पहिल्याच रविवारी भावाने त्यांना पीअर्ट लावून दिला. सगळं शांतपणे ऐकून ते म्हणाले, "लय हिशेबी वाजवतो की बे हा. जॅकार्डचं कार्ड पंच करून ठेवलंय, तसंच उतरतंय कापडावर."

भाऊ दुखावला. पण अण्णांनी बोट ठेवलं होतं ते अचूक जागी. पीअर्टवरचा सगळ्यात जुना आक्षेप हाच आहे: सगळं आधी बेतलेलं, आज वाजवलेलं फिल, म्हणजे ठेका सोडून मध्येच टाकलेला तुकडा, उद्याच्या गावात तसंच. त्याच्या कार्यक्रमांत हजारो लोक हवेत हात मारून तीच फिल्स बरोबर वाजवायचे, ते त्यामुळेच. जॅकार्ड मागावर नक्षीची पुठ्ठ्याची कार्डं आधी भोकं पाडून ठेवतात आणि ताण्याचे धागे त्या भोकांप्रमाणे उचलले जातात. अण्णांची उपमा चपखलच होती. प्रश्न एवढाच होता, की हा दोष आहे का? या प्रश्नावर आम्ही नऊ महिने वाद घातला, आणि मी दर आठवड्याला तो प्रश्न पॅडवर बसून वाजवून बघत होते.

सुरुवात केली रशच्या 'वाय वाय झेड' या बिनशब्दांच्या रचनेपासून. वाय-वाय-झेड हे टोरांटोच्या विमानतळाचं सांकेतिक नाव, आणि त्या अक्षरांचा मोर्स संकेत हाच सुरुवातीचा ठेका. पाश्चात्त्य मोजणीत तो पाचाचा. मला तो काही केल्या हातात बसेना. अण्णांनी कागद मागितला. लांब खूण म्हणजे दोन, आखूड म्हणजे एक असं धरलं. वाय म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब: झाले सात. पुन्हा वाय, पुन्हा सात. झेड म्हणजे दोन लांब, दोन आखूड: सहा. अण्णा हसले. "रूपक, रूपक, दादरा. यात अवघड काय आहे पोरी?" सात, सात आणि सहा मिळून वीस, म्हणजे चार-चारचे पाच गट. दोन्ही हिशेब एकाच जागी मिळतात. त्या दिवशी मी टाळी देत तो ठेका तासभर म्हटला आणि मग पॅडवर बसले, तर चौथ्या फेरीत जमला. रूपकाच्या मात्रा तीन-दोन-दोन अशा पडतात, इथे तुकडे वेगळे आहेत, हे मला माहीत आहे. तरी सात मोजायची सवय ज्याला लहानपणापासून आहे, त्याला रश ऐकताना अर्धं काम झालेलं असतं.

या कामात सेटने उत्तम साथ दिली. मॉड्यूलमध्ये मेट्रोनोम आहे, गाण्याचा वेग कमी करून सोबत वाजवता येतं, स्वतःचं वाजवणं नोंदवून ऐकता येतं. आपण लय पुढे पळवतो आहोत की मागे पडतो आहोत ते लगेच कळतं. पाय तर या सेटवरच तयार झाले. गाणं फोनवरून ब्लूटूथने आत घेतलं तर चालतं, पण हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आपण मारलेला ठोका उशिरा ऐकू येतो आणि सगळी लय विस्कटते. मी पहिले दहा दिवस स्वतःच्या हातांना दोष देत बसले होते.

मग रशचंच 'टॉम सॉयर' हे गाणं. वेग मिनिटाला सुमारे 88 ठोक्यांचा, ऐकायला निवांत वाटतो. पण हाय-हॅटवर उजव्या एकाच हाताने एका ठोक्यात चार घाव आहेत, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा. तेही सगळे सारखे नाहीत, काही दाबून, काही नुसते स्पर्शाने. याच ठिकाणी सेटची पहिली खरी उणीव दिसली. रबरी हाय-हॅटला हलका आणि जड घाव एवढं कळतं. मधल्या छटा कळत नाहीत. पेडल अर्धवट उघडलं तर खऱ्या झांजा एकमेकींना घासून जो खरखरीत श्वास देतात, तो इथे दोन-तीन ठरीव पायऱ्यांत मिळतो. आणि एकाच जोराने भराभर मारलं, की तोच नमुना पुन्हा पुन्हा वाजतो, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा.

अण्णांनी हेडफोन लावून आधी माझं वाजवणं ऐकलं, मग मूळ गाणं. दोन्ही पुन्हा ऐकलं आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिशेब दोघांचा एकच आहे. पण तुझ्यात दम नाही, त्याच्यात आहे." वेगळं झालं होतं ते हेच. मोजणीच्या बाबतीत माझं वाजवणं बरोबर होतं, जागा न जागा तीच होती, आणि तरीही ते यंत्रासारखं वाटत होतं. पीअर्ट नुसता हिशेबी असता तर माझ्या पॅडवरून तो जसाच्या तसा यायला हवा होता. येत नाही. कार्डावर पंच केलेलं सगळं या सेटवर उतरतं. जे उतरत नाही ते कार्डावर नव्हतंच: घावाचं वजन, झांजेचं उघडणं-मिटणं, फिल संपून पुन्हा ठेक्यात येतानाची किंचित सैल जागा. माझ्या मते या माणसाची सगळी कमाई तिथे आहे. नुसतं ऐकून बारा वर्षांत मला हे कळलं नव्हतं.

अण्णांनी मत पूर्ण बदललं असं मात्र नाही. भावाने मध्ये बिल ब्रूफर्ड ऐकवला आणि अण्णांना तो जास्त आवडला. यश ऐन भरात असताना 1972 मध्ये येस हा बँड सोडून किंग क्रिमसन या बँडमध्ये गेलेला हा ड्रमर. त्याच्या स्नेअरचा टणत्कार आणि कुठेही न ठरवता टाकलेला घाव अण्णांना तबलजीचा वाटतो. मला पीअर्ट जवळचा. एखादी गोष्ट आधी नीट विचार करून मांडली म्हणून ती कमी जिवंत होत नाही.

पीअर्ट स्वतःही तिथेच थांबला नव्हता. 1994 मध्ये जॅझ ड्रमर बडी रिचच्या संगीतावरचा एक अल्बम त्याने घडवला आणि त्यानंतर चाळिशी उलटलेली असताना, जगभर नाव झालेलं असताना, फ्रेडी ग्रूबर नावाच्या गुरूकडे नव्याने शिकायला बसला. काड्या धरायची पद्धतसुद्धा बदलली. डावी काडी तळहातावर आडवी धरायची जुनी पद्धत घेतली. ती पद्धत गळ्यात तिरका ड्रम अडकवून चालणाऱ्या पलटणींतून आली. मी ती करून पाहते आहे, आणि मला मिरवणुकीतले हलगीवाले आठवतात. त्यांच्याही दोन हातांची पकड सारखी नसते, एकात बारीक छडी, दुसऱ्यात जाड टिपरू. दोन्ही हात एकसारखे नसावेत, ही गोष्ट आपल्याकडे कोणी मुद्दाम शिकवत नाही इतकी रुळलेली आहे. जाळीच्या पॅडवर ही पकड शिकू नका, एवढा सल्ला देते. जाळी काडीला गरजेपेक्षा जास्त उसळी देते, हात आळशी होतो. मी त्यासाठी लाकडी फळीवर रबर चिकटवून वेगळं पॅड केलं आहे.

रशच्या 2012 च्या 'क्लॉकवर्क एंजल्स' या अल्बमसाठी तर पीअर्टने आधी काही बेतलंच नाही. निर्माता निक रास्कुलिनेझ समोर उभा राहून काडीने हातवारे करत होता आणि हा त्या क्षणी सुचेल ते वाजवत होता. तेव्हा तो साठीच्या उंबरठ्यावर होता. हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "मग कार्ड फाडलं म्हणायचं त्यानं." आणि तो अल्बम सलग दोनदा लावायला लावला.

सेटकडे परत येते. चौथ्या महिन्यात राइडचा मधला उंचवटा, म्हणजे बेल, वाजायची बंद पडली. 'वाय वाय झेड'ला ती बेल फार लागते. विक्रेत्याकडे तक्रार केली, पॅड कुरियरने पाठवलं, परत यायला पाच आठवडे गेले. वॉरंटीत काम झालं, पैसे लागले नाहीत, पण पाच आठवडे मी राइडचं काम क्रॅशवर चालवलं. घेताना सुटं पॅड वेगळं मिळतं का, हे आधी विचारा. पावसाळ्यात काही त्रास नाही. उन्हाळ्यात जाळी सैल पडते, महिन्यातून एकदा किल्लीने ताणून घ्यावी लागते. हेडफोन लावून पंख्याखाली 40 मिनिटांच्या वर बसवत नाही. वीज गेली तर मॉड्यूल इन्व्हर्टरवर चालतं.

तीन टॉमवर पीअर्टची लांब फिल्स पुरी होत नाहीत, हे उघड आहे. त्याच्याकडे टॉमची रांगच होती, शिवाय घंटा, काउबेल, लाकडी ठोकळे. मी मॉड्यूलमध्ये टॉमच्या कडेला वेगळा सूर लावून तीनाचे सहा करून घेतले. कडेवर नेमका घाव बसायला दोन महिने लागले. इलेक्ट्रॉनिक ड्रमला जे नाक मुरडतात त्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. 1984 पासून पीअर्टच्या पाठीमागे सिमन्सच्या इलेक्ट्रॉनिक पॅडचा वेगळा सेट असायचा, आणि ब्रूफर्डनेही ते पॅड आपलेसे केले होते.

7 जानेवारीला आम्ही तिघं मुद्दाम जमलो. 2020 मध्ये त्याच दिवशी पीअर्ट मेंदूच्या कर्करोगाने गेला. बातमी बाहेर आली 10 तारखेला. इकडे सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची तयारी चालू होती, नंदीध्वज पेलायचा सराव रस्त्यांवर चालला होता, आणि भावाने फोन करून फक्त "ताई, पीअर्ट" एवढंच म्हटलं होतं. या वर्षी त्याच तारखेला मी रशच्या 'सबडिव्हिजन्स' या गाण्याचा सातचा ठेका पहिल्यांदा न थांबता शेवटपर्यंत वाजवला. अण्णा मांडीवर हाताने सम दाखवत होते. दोन ठिकाणी चुकले, त्यांनी दोन्ही वेळा नुसती मान हलवली.

लाइफसन आणि ली यांनी 2025 च्या ऑक्टोबरात नव्या दौऱ्याची घोषणा केली, ड्रमवर जर्मनीची अनिका नीलेस. भावाला आधी रुचलं नव्हतं. मी तिचं वाजवणं ऐकलं आहे, तिच्या घावाला स्वतःचं वजन आहे. तिने पीअर्टची फिल्स जशीच्या तशी घ्यावीत की स्वतःची घालावीत, यावर येत्या रविवारी आमचा वाद ठरलेला आहे.

घ्यावा का? पायांसाठी, मोजणीसाठी आणि शेजाऱ्यांशी गोडीत राहून रोज रियाज करण्यासाठी नक्की घ्या. पण हाय-हॅट म्हणून त्याच्यावर विसंबू नका. मी जुन्या 14 इंची पितळी हाय-हॅटच्या शोधात आहे, दुपारी काकू घरी नसतात तेवढा वेळ वाजवायला. अण्णांनी मंगळवार बाजाराजवळ एका बँडवाल्याकडे विचारून ठेवलं आहे.