प्रवाळ घडवायचे आहे : टेराकोटा, स्टोनवेअर की पोर्सेलिन?

भिंतीवर लावायचे प्रवाळांचे मोठे शिल्प करायचे ठरले की रंग, आकार यांच्याआधी माती ठरवावी लागते. तिन्ही मातींतून प्रवाळ घडतात, पण प्रत्येकीतून समुद्राची वेगळी गोष्ट सांगता येते.

टेराकोटा स्वस्त, हाताळायला सोपा, आणि साधारण १००० ते ११०० अंश सेल्सिअसला भाजून निघतो. मात्र त्याच्या लालसर अंगावर निळे-हिरवे ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखे होणारे लेप, मळकट दिसतात. आधी पांढऱ्या मातीचा पातळ थर द्यावा लागतो. भाजल्यावरही तो सच्छिद्र राहतो, त्यामुळे कोकणातल्या पावसात उघड्यावर ठेवलात तर शेवाळ धरेल. हाच गुण खऱ्या समुद्रात मात्र मोलाचा ठरतो. हाँगकाँग विद्यापीठाच्या चमूने २०२० मध्ये होई हा वान सागरी उद्यानात थ्रीडी प्रिंटरने घडवलेल्या टेराकोटाच्या लाद्या तळाशी ठेवल्या, त्यांवर प्रवाळांचे तुकडे लावून ते वाढावेत म्हणून.

पहिल्याच मोठ्या कामासाठी मी स्टोनवेअर सुचवेन. त्यात ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची भरड, मिसळली की जाड-पातळ भाग एकत्र असूनही तडे कमी जातात. १२०० ते १२८० अंशांत ही माती दगडासारखी होते, वजन पेलते, आणि तिच्यावर ग्लेझही खुलतात. अनेक ग्लेझमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असते, आणि दगडी प्रवाळांचा सांगाडाही त्याचाच. मला या कामात सर्वांत जास्त भावणारी गोष्ट ती हीच.

पोर्सेलिन, म्हणजे पांढरीशुभ्र चिनी माती, अवघड. भट्टीच्या शेवटच्या तापात ते मऊ पडते, आधार नसलेली फांदी वाकते, आकसतेही बरेच. मग ते निवडायचे कशासाठी? प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळ त्याला आसरा देतात, ते त्यांना अन्न आणि बराचसा रंग देते. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून अंशभर जरी जास्त तापले आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, की ही सोबत तुटते. शैवाल निघून जाते आणि पारदर्शक झालेल्या मांसाखाली पांढरा सांगाडा दिसू लागतो. हे दाखवायला पातळ, ग्लेझ न दिलेल्या पोर्सेलिनसारखी माती नाही, कारण त्यातून प्रकाश झिरपतो. स्टोनवेअरवर पांढरे ग्लेझ दिले तर ते रंगवल्यासारखे दिसते.

सागरी परिसंस्था आणि सिरॅमिक्स दोन्ही शिकलेल्या अमेरिकी शिल्पकार कोर्टनी मॅटिसन यांनी स्टोनवेअर व पोर्सेलिन या दोन्ही माती वापरल्या आहेत. ‘अवर चेंजिंग सीज’ मालिकेतल्या त्यांच्या २०१४ च्या शिल्पात मध्यभागी रंगीत प्रवाळांचा भोवरा आहे, कडेला जाता जाता तो पांढरा पडतो. असा विषय डोक्यात असेल तर रंगीत भाग स्टोनवेअरमध्ये करा, पांढरे पोर्सेलिनमध्ये. नुसते सौंदर्य दाखवायचे असेल तर पोर्सेलिनच्या वाटेला जाऊ नका; तो त्रास तिथे फळत नाही.

दोन्ही वापरायचे ठरले तर ओल्या मातीत त्यांचा सांधा करू नका. दोघींचे आकसणे वेगळे असते आणि सांधा भट्टीत सुटतो. तुकडे वेगवेगळे भाजून मग फळीवर जोडा. त्याआधी प्रत्येक मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढून पट्टी पूर्ण तापमानाला भाजा आणि रेघ पुन्हा मोजा. फळीचे माप त्यावरूनच काढायचे आहे.