दीड लाखाची कुरकुर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

हेडफोनचा डावा कान १९ जुलैला गेला. तारीख पक्की लक्षात आहे कारण त्याच दिवशी सकाळी ईएमआयचा आठवा हप्ता, १६,५५५ रुपये, कापल्याचा मेसेज आला होता आणि नववा अजून बाकी होता. म्हणजे हेडफोन पूर्ण माझा व्हायच्या आधीच अर्धा झाला.

कंपनीचं नाव लिहीत नाही, एक तर तक्रार अजून बंद झालेली नाही आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं की तिचे भक्त येऊन "अँप्लिफायर कुठला वापरता" विचारत बसतात, जणू अँप्लिफायर बदलला की तुटलेलं जोडलं जातं. ओपन बॅक प्लॅनर आहे, म्हणजे कपाची मागची बाजू उघडी आणि आवाज काढणारा आतला पडदा सपाट. गेल्या दिवाळीत १,४९,००० ला घेतला, त्यातले २२,७०० च्या वर नुसता जीएसटी. बाकी स्पेक्स मी काय सांगणार, तुम्ही घेतला नसेल तरी वाचून वाचून तोंडपाठ असतील.

मला सांगायचंय ते कुरकुरीबद्दल.

डाव्या बाजूला कप ज्या धातूच्या दांड्यात अडकवलेला असतो, योक म्हणतात त्याला, तो जिथे फिरतो तिथून पहिल्या आठवड्यापासून कुर्र असा आवाज येतो. जुन्या झोपाळ्याची कडी कशी वाजते, तस्साच, फक्त कानापासून दोन इंचांवर. जबडा हलला की कुर्र. घेतला दिवाळीत, घरात चकली, त्यामुळे पहिले आठ दिवस मला वाटलं चकलीचाच आवाज आहे. चकली संपली, कुर्र राहिली. बरं मी ऐकतो काय, तर जास्त करून ख्याल. विलंबित चाललंय, बुवा निवांत एकेक स्वर मांडतायत, सम येते आणि आपसूक मान हलते, की कुर्र. दीड लाख भरून दाद द्यायची सोय नाही! मान ताठ ठेवून गाणं ऐकायचं, परीक्षकासारखं.

कंपनीला मेल केली. उत्तर आलं की हे नॉर्मल आहे, वापरून वापरून सैल होईल. टाल्कम पावडर लावून पाहिली, शिलाई मशीनचं तेल काडीने सोडलं, चार दिवस बरं वाटायचं, परत येरे माझ्या मागल्या.

आता आवाजाचं. आवाज चांगला आहे हे मान्यच करावं लागेल. तानपुऱ्याच्या चार तारा सुट्या सुट्या ऐकू येतात, जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, लागलेली कळते, तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा पोटात जातो. पण ओपन बॅक म्हणजे दारं-खिडक्या सताड उघड्या. शेजारच्या कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, सगळं आत येतं, आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे डोक्यावरचा पंखा. त्याची घरघर बरोब्बर तानपुऱ्याच्या खाली जाऊन बसते. म्हणून मी एप्रिल-मे पुण्यात पंखा बंद करून गाणी ऐकली. बायको दारात उभी राहून बघायची, उघडा बसलेला माणूस, गळ्यापर्यंत घाम, डोक्यावर पाव किलोच्या जवळपास दुप्पट वजन आणि मान हलवायची नाही. "तप करताय का?" एवढंच विचारलं तिने. हा घाम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथपर्यंतचं मे महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "कुरकुर सोडल्यास पैसा वसूल" असं लिहिलं होतं. ते वाक्य खोडलंय.

पावसाळा सुरू झाला तसे पॅड सोलायला लागले. आतल्या बाजूचं ते नकली चामडं, त्याचे काळे बारीक पापुद्रे मानेवर, कॉलरवर, उशीवर. घरात काळा कोंडा या विषयावर चर्चा झाली. नवीन पॅडची जोडी ९,८०० रुपये. अहो, ९,८००! माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६०० आहे, २०१२ ला अमेरिकेतून येणाऱ्या मावसभावाकडून मागवलेला, तेव्हा वीस-बावीस हजारांना पडला होता. त्याचे पॅड मी आजवर तीनदा बदलले, वायर एकदा बदलली, सगळं घरी, पलंगावर बसून, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागला नाही. ते मॉडेल १९९७ चं आहे. जवळजवळ तीस वर्षं झाली आणि पार्ट अजून मिळतात.

आणि मग १९ जुलै.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं सर कुरिअर करा, खर्च तुमचा. विमा धरून ११५० गेले. त्यानंतर सात आठवडे मी आणि "डिअर व्हॅल्यूड कस्टमर" यांचा पत्रव्यवहार. दर मेलला सही करणारा माणूस वेगळा आणि प्रत्येकाला प्रॉब्लेम पहिल्यापासून सांगायचा. शेवटी एक फोटो आला, केबल जिथे लागते त्या सॉकेटवर हिरवट डाग आणि खाली लिहिलेलं, मॉइश्चर इन्ग्रेस, म्हणजे आत ओल गेलीय, वॉरंटीत बसत नाही. ड्रायव्हर असेंब्ली, म्हणजे आवाज काढणारा आतला अख्खा भाग, बदलावी लागेल, ३१,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ३७,१७०. मी विचारलं की बाबा, डोक्याला लावायच्या वस्तूला घाम लागणार नाही असं गृहीत धरून बनवलीय का? त्याला उत्तर आलं नाही, फीडबॅक फॉर्म आला.

त्या सात आठवड्यांत मी एचडी ६०० वर होतो आणि खरं सांगायचं तर रिकामा वेळ आणि डोक्यात राग, त्यामुळे किमतींचाच अभ्यास करत बसलो. हाच एचडी ६०० ज्या घराण्यातला, त्यांनी २००९ ला एचडी ८०० काढला, किंमत १४०० डॉलर. तेव्हा आम्ही दोन-चार मित्र अक्षरशः हसलो होतो की हेडफोनला कोण देईल हो एवढे. डॉलर तेव्हा ४८ च्या आसपास, म्हणजे सदुसष्ट हजार. आज सदुसष्ट हजारांना या छंदात "मिड रेंज" म्हणतात! त्यानंतर २०१६ ला फोकल कंपनीचा युटोपिया हेडफोन आला ४००० डॉलरला आणि २०२२ ला त्याचीच नवी आवृत्ती ५००० ला. परदेशातल्या रिव्ह्यूवाल्यांनी पंचवीस टक्के वाढली म्हणून नाकं मुरडली. आता तेच आपल्याकडून बघा. २०१६ ला डॉलर ६७ ला होता, म्हणजे २ लाख ६८ हजार. २०२२ च्या शेवटी ८१ ला, म्हणजे ४ लाख ५ हजार. त्यांना पंचवीस टक्के, आपल्याला पन्नास, आणि हे ड्युटी-टॅक्स धरायच्या आधी. त्यांच्या रिव्ह्यूमधलं "व्हॅल्यू" हे प्रकरण आपण वाचूच नये, त्यातला रुपयाचा भाग आपल्यालाच भरायचा असतो.

हायफायमन कंपनीचा सुसवारा हेडफोन २०१७ ला ६००० डॉलर होता. २०२४ ला सुसवारा अनव्हेल्ड आला ८००० ला, आणि त्यात मुख्य बदल काय, तर मागची जाळी काढून टाकली. जाळी नसल्यामुळे धूळ जाऊ नये म्हणून चुंबकाची झाकणं दिलीत, ऐकताना काढायची आणि ऐकून झालं की लावायची. म्हणजे आमच्याकडे दूध तापवून झालं की ताटली झाकतात तसं. आवाज चांगलाच असेल, मी ऐकलेला नाही, पण दोन हजार डॉलर जास्त घेऊन जाळी काढून देणारा माणूस धंद्यात माझ्यापेक्षा हुशार आहे.

गंमत म्हणजे खालच्या बाजूला उलटच चाललंय. त्याच हायफायमनचा सुंदरा २०१८ ला ५०० डॉलरला आला आणि पुढे ३५० च्याही खाली गेला. सेनहायझरच्याच एचडी ६५० चा भाऊ एचडी ६एक्सएक्स २०१६ पासून २०० डॉलरच्या आसपास मिळत आला. म्हणजे चांगला आवाज स्वस्त होतोय आणि वरची मंडळी आणखी वर चाललीत, कारण तिथे गिऱ्हाईक कमी पण हट्टी आहे. त्यातलाच मी एक. २०१७ ला अमेरिकेतल्या अकूस्टिक्सच्या जर्नलमध्ये एक पेपर आला होता, २८३ हेडफोन मोजले आणि किंमत व फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कुठला सूर किती जोरात ऐकू येतो ते) यांचा संबंधच सापडला नाही. तो पेपर मी खरेदीच्या आधी वाचला होता, वाचून "त्यांनी प्लॅनर कुठे नीट ऐकलेत" असं म्हणून बाजूला ठेवला होता.

हेडफोन दुरुस्त न करता परत मागवला. गणपती उठल्यावर एका शनिवारी तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. तिथे जिन्याखाली एका काकांचं दुकान आहे, दुकान म्हणजे एक टेबल, सोल्डरिंग गन आणि रेडिओचा आवाज. त्यांनी हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, "केवढ्याचा?"

मी म्हणालो, "पंधरा हजार."

"पंधरा? हेडफोनला?" आणि माझ्याकडे असं बघितलं की खरा आकडा सांगितला असता तर बहुतेक दुरुस्तच केला नसता.

पॅड काढले, चार स्क्रू, मीटर लावला. ड्रायव्हरवर धरल्यावर मीटर पीं करून वाजला, सॉकेटपासून धरल्यावर गप्प. "साहेब, मशीन ठणठणीत आहे. ह्या पिनेचं सोल्डर सुटलंय फक्त." ब्रशने हिरवं साफ केलं, जुनं सोल्डर काढून नवं दिलं, फुंकर मारली. फोनला लावला, दोन्ही कान चालू. ज्याला ३७,१७० सांगितले होते ते काम चहा यायच्या आत झालं.

मग कप बसवताना त्यांनी तो फिरवला. कुर्र. काका थांबले. "हे कुरकुरतंय ते असंच ठेवायचंय का?"

मला काय बोलावं सुचेना. ड्रॉवरमधून नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप काढली, योकच्या खिळीभोवती दोन वेढे दिले, ब्लेडने कापली, बसवलं. फिरवलं. शांत. मी स्वतः चार वेळा फिरवून बघितलं. एकूण बिल २५० आणि मी पन्नास जास्त दिले तर परत केले, म्हणाले टेपचे पैसे नाही घेत.

अपडेट, दिवाळीच्या तोंडावर: दीड महिना झाला, डावा कान व्यवस्थित. आणि आता मला मे महिन्यातलं आणि ऑगस्टमधलंही मत थोडं बदलावं लागतंय. एचडी ६०० वर सात आठवडे काढले तेव्हा दहातल्या आठ दिवशी मला काहीच कमी वाटलं नव्हतं, जुन्या मोनो रेकॉर्डिंगला तर फरक शून्य. पण टेप लावून घरी आणला, रात्री सगळे झोपल्यावर, पंखा बंद करायची गरज नाही इतपत हवा गार, आणि किशोरीताई आमोणकरांची एक जुनी मैफल लावली. मंद्रातला एक स्वर त्यांनी असा सोडला की सोडल्यानंतरही तो खोलीत कुठे होता ते कळत होतं. मान आपोआप हलली आणि कुठूनच काही वाजलं नाही. एचडी ६०० वर हे होत नाही, मी लगेच बदलून पाहिलं.

हिशोब केला तर आतापर्यंत साधारण अडीचशे तास ऐकला, म्हणजे तासाला सहाशे. तेवढ्यात बालगंधर्वला नाटक होतं आणि तिथे वडापण मिळतो. तुम्ही विचाराल घेऊ का, तर माझ्या पैशांनी नका घेऊ. घ्यायचाच असेल तर आधी पॅडची किंमत विचारा, मग सुटे पार्ट भारतात आहेत का ते विचारा, आणि दुकानात लावून बघताना चघळायला काहीतरी न्या. पॅड मी सध्या ९,८०० चे न घेता दुसऱ्या कंपनीचे कापडी १,८०० चे लावलेत, आवाज किंचित कोरडा झाला पण घाम शोषतात.

परवा कंपनीची मेल आली, नवीन मॉडेल येतंय, "आमच्या जुन्या ग्राहकांना" जुना देऊन पंधरा टक्के सूट. किंमत १,८९,०००. फोटोत योक मोठा करून पाहिला. तोच आहे.

आणि कालपासून उजवी बाजू कुरकुरायला लागलीय. टेपचं रीळ येताना घेऊनच आलो होतो, वीस रुपयाला मिळालं, बरंच उरलंय.