पाच बोटांचे रनिंग सॉक्स: दिसायला विचित्र, लाँग रनला भारी

शूजवर लोक तासन् तास बोलतात, मिडसोल काय, हील ड्रॉप काय, सगळं तोंडपाठ, आणि आत घालतात ते रोजचे कॉटनचे मोजे. कॉटन घाम पितं आणि धरून बसतं, ओली कातडी मऊ पडते आणि मग पाय आत जरा जरी सरकत राहिला की फोड आलाच म्हणून समजा. मला कायम करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्येच यायचे, म्हणून हे पाच बोटांचे सॉक्स घेतले. नायलॉन आणि थोडं इलास्टेन (ताणला जाणारा धागा), पातळवाले.

प्रत्येक बोटाला वेगळी खोळ, त्यामुळे बोटावर बोट घासतच नाही, सगळा खेळ एवढाच आहे. तासाच्या वर पळालात की फरक कळतो. ५ किमीला काहीही जाणवणार नाही, तेवढ्यासाठी साधे सिंथेटिक मोजे बास आहेत, उगाच खर्च करू नका.

घालणं मात्र वैताग. पहाटे अर्धवट झोपेत करंगळी तिच्या खोळीत जाता जात नाही, दोनदा चुकून दोन बोटं एकातच घुसतात. फायदा एकच, एवढी खटपट करून घातल्यावर परत काढायचा जाम कंटाळा येतो, मग मुकाट्याने पळायला जावं लागतं 😄

अजून एक, बोटांच्या मध्ये कापड आलं की पंजा थोडा रुंद होतो. पुढे अरुंद असलेल्या शूजमध्ये चक्क आवळल्यासारखं होतं, तेव्हा नवीन शूज ट्राय करताना हेच सॉक्स घालून जा, आणि संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठाभर जागा हवीच. नखं काळी पडत असतील तर ते सॉक्सचं काम नाही, शूज आखूड असतील नाहीतर उतारावर पाय पुढे सरकत असेल, लेसच्या सगळ्यात वरच्या जास्तीच्या भोकातून लूप काढून टाच घट्ट बांधून बघा. नखं वाढली की खोळीचं टोक फाटतं, माझ्या एका जोडीचा अंगठा गेलाच.

रेसच्या दिवशी कोरी जोडी अजिबात नको, आधी एक-दोन लाँग रन त्यातच करा. धुताना उलटे करा आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, त्याचा थर बसतो आणि मग घाम नीट सुकत नाही.

५ पैकी ४, एक मार्क त्या करंगळीचा कापला.