दुबईतला न बांधलेला फ्लॅट आणि दोन खात्यांत गेलेले आमचे पैसे

बांधकाम सुरू होण्याआधी नुसत्या नकाशावर विकल्या जाणाऱ्या फ्लॅटला दुबईत ऑफ-प्लॅन म्हणतात. असा एक फ्लॅट आम्ही २०२२ मध्ये बुक केला. तो बांधलाच गेला नाही. भरलेल्या पैशांतला मोठा भाग परत मिळाला, उरलेला अजून अडकलेला आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत दुबईच्या प्रॉपर्टीची प्रदर्शनं सारखी भरताहेत, आणि ओळखीतलं कोणी ना कोणी तिथे जाऊन आल्याचं कानावर येतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

फ्लॅटची किंमत ६,८०,००० दिरहम. पहिले दहा टक्के लगेच, पुढचे दहा टक्के सहा महिन्यांनी आणि तिसरा हप्ता पायाचं काम झाल्यावर, असं ठरलं होतं. प्रदर्शनातल्या टेबलावर आमच्याशी बोलत होता तो विकासकाचा माणूस नव्हता, मुंबईतल्या एका एजंट कंपनीचा होता. बुकिंगचे २०,००० दिरहम आणि तिथल्या भूमी विभागाची चार टक्के नोंदणी फी, म्हणजे २७,२००, एवढी रक्कम त्याने रुपयांत मागितली. "मॅडम, एस्क्रोत एंट्री पडायला चार दिवस जातात, तोवर युनिट हातचं जाईल. आमच्या अकाउंटला टाका, आम्ही इथून ब्लॉक करतो." एस्क्रो म्हणजे खरेदीदारांचे पैसे फक्त त्या प्रकल्पासाठी राखून ठेवणारं बँक खातं. पावणेदहा लाखांच्या आसपास रुपये त्या कंपनीच्या मुंबईतल्या खात्यात गेले. पावतीवर ‘मार्केटिंग सर्व्हिसेस’ असं छापलेलं होतं.

पहिल्या हप्त्याचे उरलेले ४८,००० आणि दुसरे ६८,००० दिरहम मात्र आमच्या बँकेतून रीतसर गेले. परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज, म्हणजे ए-टू फॉर्म भरला, बँकेने टीसीएस (अशा रकमेवर आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापला आणि पैसे पाठवल्याच्या स्विफ्ट संदेशाची प्रत हातात दिली. ती प्रत आजही फाइलमध्ये सगळ्यात वर आहे. लाभार्थीच्या रकान्यात विकासकाच्या कंपनीचं नुसतं नाव नाही. प्रकल्पाचं नाव आणि त्यापुढे ‘एस्क्रो’ असं लिहिलेलं आहे. आमचे पैसे वाचले ते या एका ओळीमुळे.

दुबईच्या २००७ च्या कायदा क्रमांक ८ प्रमाणे ऑफ-प्लॅन खरेदीदारांचे पैसे प्रकल्पाच्याच नावाने उघडलेल्या एस्क्रो खात्यात जमा व्हावे लागतात. ते त्या प्रकल्पाच्या बांधकामासाठीच वापरायचे असतात, आणि विकासकाकडून पैसे येणं असलेल्या इतरांना त्या खात्यावर जप्ती आणता येत नाही. दुसरा महत्त्वाचा कायदा २००८ चा, क्रमांक १३. ऑफ-प्लॅन विक्रीची नोंद तिथल्या हंगामी नोंदवहीत झाली नसेल, तर ती विक्री कायद्याच्या लेखी रद्दबातल. या नोंदणीला तिथले सगळे ‘ओकूद’ म्हणतात. एजंटने दिलेलं रंगीत बुकिंग लेटर म्हणजे ओकूद नव्हे.

माझा धाकटा भाऊ दुबईतल्या जेबेल अलीत नोकरीला आहे. दुसरा हप्ता भरून झाल्यावर त्याने भूमी विभागाच्या ‘दुबई रेस्ट’ ॲपवर प्रकल्प शोधला आणि मग विभागात चौकशी केली. प्रकल्प नोंदलेला होता, पण काम शून्य टक्के. आमच्या नावावर युनिटची नोंदच नव्हती, कारण एजंटने नोंदणी फी पुढे भरलीच नव्हती. भाऊ एका सुट्टीच्या दिवशी जागेवर गेला आणि तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. पत्र्याचं कुंपण, उन्हाने विटलेला फलक, आत सपाट वाळू. "ताई, इथे अजून खड्डासुद्धा मारलेला नाही," एवढंच बोलला. त्याच आठवड्यात २७,२०० दिरहम दुसऱ्यांदा भरून आम्ही ओकूद करून घेतलं. ते पैसे भरताना जीव तुटला, पण पुढचं सगळं त्या नोंदीवर उभं राहिलं.

यानंतर विकासकाकडून पत्र आलं. एक तर त्यांच्या दुसऱ्या प्रकल्पात रक्कम वळवून घ्या, नाही तर ‘स्वेच्छेने’ बुकिंग रद्द करा, तीस टक्के कापून बाकी देऊ. अशा पत्रावर सही करू नका. खरेदीदाराने हप्ते चुकवले आणि काम विकासकाच्या हाताबाहेरच्या कारणाने सुरूच झालेलं नसेल, तर भरलेल्या रकमेच्या तीस टक्क्यांपर्यंत कापून घेण्याची मुभा तिथला कायदा विकासकाला देतो. दुबईच्या नियामकाने, म्हणजे तिथल्या रेराने, प्रकल्पच रद्द केला तर मात्र खरेदीदारांनी भरलेली रक्कम पूर्ण परत द्यावी लागते. या दोन्हींतला फरक आम्हाला तिथल्या वकिलाने समजावला. पाया झालेलाच नसल्यामुळे आमचा तिसरा हप्ता देय झाला नव्हता, म्हणून आम्ही कसूरवार ठरत नव्हतो. आम्ही सही केली नाही, भूमी विभागाकडे तक्रार दिली. आमच्यासारखे आणखी खरेदीदार होतेच. प्रकल्प रद्द झाला. रद्द किंवा अर्धवट प्रकल्पांसाठी दुबईत खास न्यायाधिकरण आहे, २०२० च्या हुकूम क्रमांक ३३ प्रमाणे त्याची सध्याची रचना झाली. साध्या कोर्टात दावा लावून देतो म्हणणाऱ्या वकिलाला फी देण्याआधी त्याला या न्यायाधिकरणाबद्दल विचारा.

फ्लॅट माझ्या नावावर आणि मी ठाण्यात, म्हणून भावाला कुलमुखत्यारपत्र द्यावं लागलं. आधी नोटरी, मग मंत्रालयातला गृह विभाग, मग परराष्ट्र मंत्रालय, मग मुंबईतला यूएईचा वाणिज्य दूतावास. तिकडे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि अधिकृत अरबी भाषांतर. कागदाची मागची बाजू शिक्क्यांनी भरून गेली. नावाच्या स्पेलिंगमध्ये पासपोर्टपेक्षा एका अक्षराचा फरक पडला तरी सगळं पहिल्यापासून, त्यामुळे नोटरीकडे जाण्याआधीच ते नीट जुळवून घ्या.

शेवटी १,१६,००० दिरहम आले, एस्क्रोत भरले होते तेवढे सगळे. टीसीएस त्या वर्षीच्या विवरणपत्रात आधीच वळता झाला होता.

मधल्या काळात आणखी एक प्रकार घडला, आणि त्याचा मला मूळ फसवणुकीइतकाच संताप आहे. प्रकल्प रद्द झाल्याची बातमी फुटताच व्हॉट्सॲपवर फोन सुरू झाले. डीपीला सरकारी चिन्ह, बोलणारा गोड, आणि त्याच्याकडे आमचा युनिट नंबर, भरलेली रक्कम, करारावरची तारीख सगळं तयार. "तुमचा रिफंड मंजूर झालाय, पाच टक्के रिलीज फी भरली की उद्या खात्यात." फी क्रिप्टोत किंवा कुणा व्यक्तीच्या खात्यात हवी होती. आमचे कागद बाहेर विकले गेले होते, दुसरं कारण मला दिसत नाही. आमच्यासोबतच्या एका वयस्कर गृहस्थांनी अशी फी भरली आणि ते दुसऱ्यांदा लुटले गेले. परताव्याची माहिती भूमी विभागाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या कचेरीतूनच घ्या. असा फोन आला आणि पैसे गेले असतील तर भारतात लगेच १९३० वर कळवा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते.

राहिले ते पावणेदहा लाख रुपये. ते दुबईला गेलेच नाहीत, त्यामुळे दुबईच्या कुठल्याही कायद्याचं संरक्षण त्यांना नाही. महारेराचा अधिकार परदेशातल्या प्रकल्पावर चालत नाही. एजंट कंपनी म्हणते, आम्ही मार्केटिंगची सेवा दिली, पावती वाचा. आम्ही पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार दिली आहे आणि ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, एजंटचं ऑफिस कुठेही असो. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि एजंट नेमकी तीच ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत संपवत आणतात. तुमच्याकडेही अशी ‘मार्केटिंग सर्व्हिसेस’ची पावती असेल, तर तिच्यावरची तारीख आजच पाहा.