जिरा-कॉन्फ्लुएन्सला एआय जोडून देतो म्हणणाऱ्याने आम्हाला कसं फसवलं

ज्यांच्या ऑफिसात जिरा (कामांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि कॉन्फ्लुएन्स (टिपणांची पानं ठेवणारं) रोज वापरलं जातं आणि 'आता याला एआय जोडून घेऊ' अशी चर्चा सुरू आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. पुण्यातल्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीला एका कन्सल्टंटने या जोडणीच्या नावाखाली २,५४,८८० रुपयांना गंडवलं. पैसे गेलेच, पण आमच्या डिलिव्हरी हेडच्या नावाने कधीही आत शिरता येईल अशी चावीही त्याच्याकडे राहिली होती. तक्रार दाखल असल्याने त्याचं नाव इथे लिहीत नाही. तो काय काय बोलला ते मात्र सविस्तर लिहिते, कारण हीच भाषा तो दुसऱ्या ऑफिसातही वापरणार, याबद्दल मला शंका नाही.

गरज खरी होती. मी प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. दर सोमवारी ग्राहकाला स्टेटस द्यायचं म्हणजे जिराच्या वेगवेगळ्या बोर्डांवरची टिकिटं, म्हणजे कामांच्या नोंदी, उघडायची, कुठलं अडकलंय ते बघायचं, आणि का अडकलंय ते शोधायला कॉन्फ्लुएन्सवरची मीटिंगची टिपणं धुंडाळायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लॉड हा एआय असिस्टंट बनवणाऱ्या अँथ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे सगळे ज्याला एमसीपी म्हणतात तो, असिस्टंटला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडण्याची ठरलेली पद्धत म्हणून जाहीर केला आणि हे काम सोपं होण्याची वाट निघाली. असिस्टंटला साध्या भाषेत विचारायचं, तो स्वतः जिरात शोधतो, पान वाचतो, उत्तर देतो. मे २०२५ मध्ये जिरा-कॉन्फ्लुएन्स बनवणाऱ्या अ‍ॅटलासियननेही स्वतःचा एमसीपी सर्व्हर, म्हणजे ही जोडणी करून देणारा प्रोग्राम, बीटा (चाचणीच्या) रूपात आणला.

मग बाहेरच्या माणसाकडून घ्यायचं कशाला? हा प्रश्न आमच्या संचालकांनी त्या कन्सल्टंटला पहिल्याच बैठकीत विचारला होता. त्याचं उत्तर तयार होतं. त्याने जून २०२५ मधली आसना या कामांचं नियोजन करणाऱ्या सॉफ्टवेअरची बातमी पडद्यावर लावली. आसनाने १ मेला आपला एमसीपी सर्व्हर सुरू केला, ४ जूनला त्यात दोष सापडला, आणि त्या दोषामुळे एका संस्थेची काही माहिती दुसऱ्या संस्थेतल्या वापरकर्त्यांना दिसू शकत होती. बातमी अगदी खरी आहे. मग तो म्हणाला, "सर, क्लाउडवरचा कनेक्टर म्हणजे तुमचा डेटा रस्त्यावर. आमचा प्रायव्हेट आहे. तुमच्याच सर्व्हरवर बसतो, एक अक्षर बाहेर जात नाही." प्रपोजलमध्येही 'ग्राहकाच्या सर्व्हरवर' हे शब्द ठळक अक्षरांत होते. शेवटच्या पानावर अ‍ॅटलासियनचा अधिकृत पार्टनर असल्याचं प्रमाणपत्र होतं. खऱ्या बातमीच्या आधाराने खोटं विकण्याची ही पद्धत फार घातक आहे, कारण बातमी तपासली की ती खरी निघते आणि माणसाचा विश्वास बसतो.

दर माणशी महिना ४५० रुपये, चाळीस माणसं, वर्षाचे पैसे आगाऊ, वर १८ टक्के जीएसटी.

बसवण्याच्या दिवशी त्याने डिलिव्हरी हेडचा लॅपटॉप एनीडेस्कवर, म्हणजे दुरून लॅपटॉप चालवता येतो त्या सॉफ्टवेअरवर, घेतला. त्यांच्या अ‍ॅटलासियन खात्यात जाऊन एपीआय टोकन तयार केलं, कॉपी केलं, "झालं सर, आता सगळी टीम वापरू शकते" म्हणाला. इथे थोडं थांबून सांगते, कारण सगळा घोळ या टोकनात आहे. हे टोकन ज्याच्या खात्यातून काढलं त्याच्या नावाने चालतं. पासवर्ड लागत नाही, ओटीपी येत नाही. त्या माणसाला जे जे प्रोजेक्ट आणि जी जी पानं दिसतात, ती सगळी टोकन हातात असणाऱ्याला दिसतात. डिलिव्हरी हेड अ‍ॅडमिन होते, म्हणजे त्यांना सगळंच दिसत होतं. अ‍ॅटलासियनच्या स्वतःच्या सर्व्हरला जोडताना मात्र प्रत्येक जण आपापल्या खात्याने लॉगिन करतो, आणि ज्याला जेवढं दिसतं तेवढंच त्याच्या असिस्टंटला दिसतं. हा फरक त्या माणसाने एकदाही तोंडातून काढला नाही. त्याला तो पुरेपूर माहीत होता.

सुरुवातीला काम छान चाललं. माझा सोमवारचा अहवाल खरोखर लवकर होऊ लागला.

मग एका दुपारी नव्याने लागलेला टेस्टर लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला. चेहरा उतरलेला. "मॅडम, हे मला दिसायला हवं का?" त्याने असिस्टंटला एवढंच विचारलं होतं की पुढच्या तिमाहीत या प्रोजेक्टमध्ये काय बदल आहेत. उत्तरात रिलीजच्या तारखा होत्या, आणि त्याखाली कोणत्या दोघांना प्रोजेक्टवरून काढायचं आहे त्यांची नावं होती. त्यातलं एक नाव त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं. उत्तराखाली कॉन्फ्लुएन्सच्या पानाची लिंक होती. त्याने माझ्यासमोर ती उघडली, तर कॉन्फ्लुएन्सने परवानगी नाही म्हणून त्याला बाहेरच ठेवलं. पानावर कुलूप होतं आणि ते चोख काम करत होतं. असिस्टंट मात्र डिलिव्हरी हेडच्या नावाने आत जाऊन पान वाचून आला होता.

आमच्या एका सीनियर डेव्हलपरने त्याच लॅपटॉपवर क्लॉड डेस्कटॉपची, म्हणजे आमच्या असिस्टंटच्या प्रोग्रामची, कॉन्फिग (सेटिंगची) फाइल उघडली. साधी मजकुराची फाइल असते, कुणालाही वाचता येते. त्यात 'एमसीपी सर्व्हर्स' या शब्दाखाली जोडणीचा पत्ता असतो. तिथे आमच्या सर्व्हरचा पत्ता असायला हवा होता. होता त्या कन्सल्टंटच्या स्वतःच्या वेबसाइटचा. म्हणजे बसवल्या दिवसापासून आमचा प्रत्येक प्रश्न, प्रत्येक टिकीट, प्रत्येक पान त्याच्या मशीनवरून जात होतं, आणि टोकनही तिथेच साठवलेलं होतं. 'एक अक्षर बाहेर जात नाही' हे वाक्य ठरवून बोललेलं खोटं होतं.

त्याच डेव्हलपरने कनेक्टरमधल्या टूल्सची, म्हणजे असिस्टंटला त्यातून करता येणाऱ्या कामांची, नावं पाहिली: जिरा सर्च, जिरा गेट इश्यू, कॉन्फ्लुएन्स गेट पेज. एमसीपी-अ‍ॅटलासियन नावाचा एक मुक्त स्रोत प्रकल्प आहे, कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. त्यातली नावं आणि ही नावं अक्षरशः तीच. मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर बसवून देण्याचे पैसे घेणं हा गुन्हा नाही, त्याच्या एमआयटी परवान्यात ते बसतं. पण 'आमच्या टीमने दोन वर्षं खपून बनवलं' असं सांगून दर माणशी वर्षभराचं भाडं लावणं याला फसवणूकच म्हणतात.

ताबडतोब टोकन रद्द करायला डिलिव्हरी हेडनी खातं उघडलं. खात्याच्या सिक्युरिटीच्या पानावर एपीआय टोकनची यादी असते, नाव आणि शेवटचा वापर कधी झाला ती तारीख. यादीत दोन टोकन होती. एक त्यांच्या डोळ्यांदेखत बनलेलं. दुसरं 'बॅकअप' नावाचं, त्याच एनीडेस्कच्या दिवशी तयार झालेलं, मुदत पूर्ण एक वर्षाची. आणि त्याचा शेवटचा वापर आदल्याच दिवशीचा. आदल्या दिवशी रविवार होता. ऑफिस बंद होतं.

ते बघून आम्ही सगळे गप्प झालो. मला राग आला तो अजून गेलेला नाही.

दोन्ही टोकन रद्द केली. मग शोध सुरू झाला की त्याने काय नेलं. टिकीट किंवा पान बदललं असतं तर इतिहासात डिलिव्हरी हेडच्या नावाने नोंद दिसली असती. तशी नोंद सापडली नाही. पण नुसतं वाचल्याची नोंद आमच्या प्लॅनमध्ये कुठेच राहत नव्हती. ग्राहकाचं दरपत्रक, सर्व्हरचे तपशील, पगारवाढीच्या याद्या, यातलं काय वाचलं गेलं हे आम्ही ग्राहकाला खात्रीने सांगू शकलो नाही. ग्राहकाला ते तसंच सांगावं लागलं. ती बैठक माझ्या नोकरीतली सगळ्यांत जड बैठक होती.

कन्सल्टंटने आधी 'सपोर्टसाठी ठेवलं होतं' म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. अकाउंट्सने त्याच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहिला, तर नोंदणी बिलाच्या तारखेआधीच रद्द झालेली. म्हणजे ३८,८८० रुपये जीएसटीच्या नावाने त्याने खिशात घातले. हा शोध कुणालाही पोर्टलवर लॉगिन न करता घेता येतो. अ‍ॅटलासियनच्या वेबसाइटवर पार्टनरांची यादी खुली आहे. त्याचं नाव त्यात नाही.

तक्रारीबद्दल एक महत्त्वाचं. १९३० या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करताना आम्हाला सुरुवातीला 'हा तुमचा व्यवहारातला वाद आहे' असं ऐकावं लागलं. बॅकअप टोकनचा स्क्रीनशॉट, कॉन्फिग फाइल आणि 'ग्राहकाच्या सर्व्हरवर' लिहिलेलं प्रपोजल एकत्र समोर ठेवल्यावर सूर बदलला. म्हणून टोकन रद्द करण्याआधी त्या यादीचा फोटो काढून ठेवा. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सिस्टिममध्ये अनधिकृत शिरकाव झाल्याचं लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं. लहान कंपन्यांत हे कुणाला ठाऊक नसतं.

'इतके महिने नीट चाललंय ना' हा युक्तिवाद कुणाकडूनही ऐकून घेऊ नका. सप्टेंबर २०२५ मध्ये असिस्टंटला ईमेल पाठवू देणारं पोस्टमार्क-एमसीपी नावाचं एक पॅकेज उघडकीला आलं. त्याच्या आधीच्या आवृत्त्या निर्दोष होत्या, १.०.१६ या आवृत्तीत एका ओळीची भर पडली आणि पाठवलेल्या प्रत्येक ईमेलची गुपचूप प्रत ते पॅकेज बनवणाऱ्याकडे जाऊ लागली. आणि आमच्यासारखा ज्यांचा सर्व्हिस डेस्क ग्राहकांना खुला आहे त्यांनी आणखी सावध राहावं. बाहेरच्या माणसाने टिकिटातच असिस्टंटला उद्देशून सूचना लिहिली आणि आतल्या कर्मचाऱ्याने असिस्टंटला ते टिकीट वाचायला लावलं, तर ती सूचना आतल्या माणसाच्या अधिकाराने पाळली जाऊ शकते. कॅटो नेटवर्क्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जून २०२५ मध्ये जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटवर हे करून दाखवलं. आमच्या लॅपटॉपवर त्या माणसाने प्रत्येक टूलला 'नेहमी परवानगी द्या' करून ठेवलं होतं, का तर "सारखं विचारत बसेल." ते विचारणं हीच सोय आहे, ती कुणाला बंद करू देऊ नका.

आता आमच्याकडे प्रत्येक जण आपल्या लॉगिननेच जोडतो, आणि टिकीट तयार करणं किंवा पान बदलणं याला दर वेळी हो म्हणावं लागतं. सोमवारचा अहवाल अजूनही लवकर होतो. पैसे परत मिळालेले नाहीत, तपास चालू आहे. तो माणूस नव्या फर्मच्या नावाने फिरतोय असं नाशिकच्या एका ओळखीच्या कंपनीकडून कळलं. त्यांच्या प्रपोजलमध्येही 'ग्राहकाच्या सर्व्हरवर' हेच शब्द आहेत, ठळक अक्षरांत.