लेंटचा मुलांसाठीचा संच: पाचपैकी अडीच, त्यातला एक तारा एकट्या कार्डाचा

यंदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या, आधी मुलांसाठी एक संच ऑनलाइन मागवला. नाव लिहीत नाही. कंपनीशी माझं भांडण नाही, आणि असे संच आता बऱ्याच ठिकाणी मिळतात. खोक्यावर लिहिलं होतं की गोरगरीब आणि अनाथ यांच्याविषयी मुलांच्या मनात चाळीस दिवसांत कळवळा निर्माण होईल. एकाचे 749 रुपये, असे तीन घेतले. मी नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर) आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) बावीस वर्षं संडे स्कूल घेते. वर्गात चौदा मुलं आहेत. पैसे माझ्या पदरचे गेलेत, तेव्हा स्पष्टच लिहिते.

आत चाळीस कार्डं, भिंतीवर लावायचा एक तक्ता, स्टिकर आणि घड्या घालून बनवायचा पुठ्ठ्याचा गल्ला. कार्डं चांगली जाड आहेत, चहा सांडला तरी पुसून घेता येतात. चित्रंही छान. इथपर्यंत तक्रार नाही.

पहिली गोची मोजदादीची. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात, मधले सहा रविवार वगळले की चाळीस. म्हणजे संचात रविवारचं कार्डच नाही. आणि आमची संडे स्कूल भरते रविवारी! शेवटी सहा-सहा कार्डांचे गठ्ठे करून मुलांच्या घरी दिले. तीन संच चौदा घरांना पुरणार कसे? झेरॉक्स काढल्या. कंपनीने माफ करावं.

गल्ल्याचं सांगायलाच नको. दुसऱ्या रविवारी वर्गातला मोठा गल्ला उचलला आणि बूड निसटलं. चिल्लर थेट बाकांखाली. चौदा पोरं पोटावर पालथी पडून रुपये गोळा करतायत आणि दारात पाळकसाहेब उभे. त्यानंतर बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडली, तो ईस्टरपर्यंत टिकला.

मराठी तर बघवत नाही. "तुमच्या घरातील प्रत्येक चप्पल जोडीसाठी एक नाणे आशीर्वादित करा." हे कुठल्या घरात बोलतात? याकोब 1:27 च्या कार्डावर "अनाथांना भेट द्या" असं होतं. आमच्या पवित्र शास्त्रात तिथे अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा "समाचार घेणे" असं आहे. मी ते वाचून दाखवलं तर वर्ग खो खो हसायला लागला. "टीचर, प्रगतिपुस्तक आलं की पप्पा घेतात तो समाचार?" मग समाचाराला जाणं म्हणजे काय, ते सांगितलं. खेड्यात अजून म्हणतात, अमका पडून आहे, समाचाराला जाऊन या. जायचं, उशाशी बसायचं, काय हवं-नको ते विचारायचं. त्या शब्दावर अर्धा तास गेला आणि अख्ख्या लेंटमधला तोच तास उत्तम झाला. संचाचं त्यात काही श्रेय नाही.

तसंच रूथच्या, म्हणजे पवित्र शास्त्रातल्या एका गरीब, परक्या विधवेच्या, कार्डाचं. "शेतातील उरलेले पीक" लिहिलंय. अहो, सरवा म्हणा ना! कापणीनंतर पडून राहिलेलं मालकाने वेचायचं नाही, ते गरीब आणि परका यांच्यासाठी सोडायचं, हा नियम पवित्र शास्त्रातल्या लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आहे, आणि त्याच आधारावर रूथ बवाजाच्या शेतात गेली. एका मुलीची आजी नेवाशाकडची. ती घरी जाऊन आजीला विचारून आली आणि पुढच्या रविवारी तिनेच वर्गाला शिकवलं: भुईमूग काढून झाला की बाया खुरपं घेऊन सरव्याला जातात, अन् शहाणा मालक तेव्हा दुसरीकडे बघतो. हे "दुसरीकडे बघणं" मुलांना पटकन कळलं. मी समजावत बसले असते तर इतकं कळलं नसतं.

आता चांगल्या कार्डाबद्दल. नववं. "आज घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं ते बघ. काही बोलू नकोस." बस, एवढंच. पुढच्या रविवारी चौदापैकी अकरा जणांचं उत्तर एकच, आई. एक म्हणाला, आमच्याकडे आजी, कारण ती कवळी शोधत असते. पण एका मुलीने सांगितलं की आईच्या ताटात भाजी नव्हतीच, चटणी होती, आणि हे तिने याआधी कधी पाहिलं नव्हतं. ज्याने कोणी हे कार्ड लिहिलंय त्याला माझा एक अख्खा तारा.

आणि आता बारावं. त्यावर गालावर अश्रू ओघळलेल्या मुलाचं चित्र. खाली: "आज एका अनाथ मुलासाठी प्रार्थना करा. त्याला कसे वाटत असेल याची कल्पना करा."

आमच्या वर्गात एक मुलगा बोर्डिंगमधून येतो. वडील वारले, आई पाथर्डी तालुक्यातली, ऊसतोडीला जाते. हंगामात ती कोल्हापूरकडच्या फडात असते, म्हणून हा बोर्डिंगला. चपलांच्या कार्डाच्या वेळी बाकीच्यांनी घरातले नऊ, अकरा, चौदा जोड मोजले होते. हा म्हणाला, एक. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. बाराव्या कार्डाला त्याने हात वर केला. "टीचर, मी कोणाची कल्पना करू?"

मागून कुणीतरी चांगल्या मनानेच म्हणालं, "तुझ्यासाठी आम्ही करतो ना." त्याचे कान लाल झाले. मी कार्ड उलटं ठेवलं आणि भजन सुरू केलं. दुसरं काही सुचलंच नाही.

माझी खरी तक्रार ही आहे, गल्ल्याची नाही. हा संच बनवणाऱ्याने धरून चाललंय की देणारी मुलं टेबलाच्या या बाजूला आणि घेणारी चित्रात. आमच्या मंडळीत निम्म्या घरांत आजोबा नाहीतर पणजोबा बोर्डिंगात वाढलेले आहेत. इथे "ते" कोण आणि "आपण" कोण?

चाळीस कार्डांत इथलं एकही माणूस नाही, हेही खटकलं. केडगाव आम्हाला काय लांब आहे? (आमच्या नगरजवळचं नव्हे, दौंडच्या पुढचं, पुण्याच्या वाटेवरचं.) तेराव्या कार्डाच्या जागी मी पंडिता रमाबाई सांगितल्या. मुक्ती मिशनपासून नाही, सुरुवात 1874 पासून केली. दुष्काळ, अन्न नाही, वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. उरलेल्या भावाबरोबर पायी देश तुडवत 1878 साली त्या कलकत्त्याला पोहोचल्या. मग 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. आणि 1896 च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई स्वतः तिकडे गेली आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आली. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती उभं राहिलं.

"म्हणजे ती पण बिनआईबापाची होती?" प्रश्न बोर्डिंगवाल्याचाच. हो म्हटलं. त्याने वहीत काहीतरी लिहिलं, मी बघितलं नाही.

संचातलं शेवटचं काम: बालगृहाला भेट द्या, तिथल्या मुलांसोबत फोटो काढा, तक्त्यावर चिकटवा. कृपा करून हे करू नका. अशा मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्यात मनाई आहे, आणि कायदा नसता तरी कुणाच्या घरात शिरून फोटो काढायचे नसतात. मी मुलांना नेलं नाही. जवळच्या एका बालगृहात फोन केला आणि काय हवं ते विचारलं. तिथल्या बाई आधी हसल्या. म्हणाल्या, "केक नको, डिसेंबरात ढीग येतो. वह्या जूनमध्ये येतात. मार्चमध्ये कुणाला आमची आठवण नसते. चड्ड्या द्या. आणि उवांचं औषध, फण्या."

डब्यात 2,140 रुपये निघाले. चार मुलांना घेऊन कापडबाजारात गेले, बोर्डिंगवाला त्यातला एक. दुकानदाराने पांढऱ्या चड्ड्यांचा गठ्ठा पुढे टाकला. मी किंमत विचारणार, एवढ्यात बोर्डिंगवाल्याने एक उचलली, इलास्टिक दोनदा ताणलं आणि परत ठेवली. "हे महिन्यात ढिलं होतं. पांढऱ्या नको, बोअरच्या पाण्यात पिवळ्या पडतात. आणि सगळ्या एका रंगाच्या नका घेऊ टीचर. वाळत घातल्यावर कोणाची कुठली कळत नाही, मग भांडणं होतात."

दुकानदाराने मुकाट्याने वरच्या फळीवरचा दुसरा खोका काढला. पंचेचाळीसला एक, अशा तीस घेतल्या, पाच रंगांत. बाकीची तिघं रंग वेगळे करत होती आणि दर खेपेला त्याला विचारत होती, हा चालेल का रे? औषधाच्या पाच बाटल्या, बारा फण्या, उरलेल्या शंभरात रिक्षा.

संच घ्यायचाच असेल तर एकच घ्या. बारावं कार्ड आधी काढून ठेवा. गल्ल्याच्या भानगडीत पडू नका, घरात डबा असेलच.