विमानं पकडायचा डोंगल घ्यावा का? डिचोलीहून रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, विमानांचे रेडिओ सिग्नल ऐकून ती कॉम्प्युटरच्या नकाशावर दाखवणारा हा यूएसबी डोंगल चांगला आहे, बिनधास्त घ्या. पण डोंगल कुठला घ्यायचा यावर रात्र रात्र व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा अँटेना घरात नेमकी कुठे चढवणार आणि खाली कुठल्या केबलने आणणार याचा विचार करा, कारण सगळा खेळ तिथे आहे आणि कुठल्याही विक्रेत्याच्या पानावर ते धड लिहिलेलं नसतं.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हल्लीची प्रवासी विमानं स्वतःचं लोकेशन, उंची, वेग आणि फ्लाइट नंबर सतत १०९० मेगाहर्ट्झवर ओरडून सांगत असतात, त्याला एडीएस-बी म्हणतात. लोकेशन सेकंदाला साधारण दोनदा येतं, फ्लाइट नंबर पाचेक सेकंदांनी एकदा. एक मेसेज ११२ बिटांचा, सुरुवातीची खूण धरून १२० मायक्रोसेकंदात संपतो, आणि त्यावर कसलंही एन्क्रिप्शन नाही, त्यामुळे ज्याच्याकडे रिसीव्हर आहे त्याने ऐकावं. आता हा रिसीव्हर पूर्वी महागडी वस्तू होती, पण २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की टीव्ही बघायच्या यूएसबी डोंगलमध्ये रिअलटेकची आरटीएल२८३२यू नावाची जी चिप असते ती कच्चा रेडिओ सिग्नल तसाच्या तसा कॉम्प्युटरला देऊ शकते, आणि तिथून हे आरटीएल-एसडीआर प्रकरण (एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) सुरू झालं. बाकीचं काम सॉफ्टवेअर करतं.

मी घेतला तो आरटीएल-एसडीआर ब्लॉग या ब्रँडचा व्ही-४, डायपोल म्हणजे दोन दांड्यांच्या अँटेनाच्या किटसकट. डोंगल अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, हाताला गरम लागतो पण ते तसंच असतं, आतली उष्णता बॉडीतूनच बाहेर जावी म्हणून ती धातूची केलीय. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. जाहिरातीत १ पीपीएमचा (दहा लाखात एक भाग एवढाच चुकणारा) टीसीएक्सओ क्रिस्टल आहे म्हणजे फ्रिक्वेन्सी अजिबात सरकत नाही असं ठळक लिहिलेलं असतं, ते जवळजवळ खरंय, पण विमानांसाठी त्याने काडीचा फरक पडत नाही. एडीएस-बीचा सिग्नल दोनेक मेगाहर्ट्झ रुंद, तिथे साध्या स्वस्त डोंगलचा ५०-६० किलोहर्ट्झ सरकला तरी सॉफ्टवेअर मेसेज बरोबर उचलतं. तसंच व्ही-४ मध्ये शॉर्टवेव्हसाठी आतच अपकन्व्हर्टर (खालची फ्रिक्वेन्सी वर चढवणारा भाग) आहे, त्याचाही विमानांशी काही संबंध नाही. म्हणजे फक्त आणि फक्त विमानंच बघायची असतील तर जुना व्ही-३ पण चालेल, नाहीतर १०९० चा फिल्टर (बाकीचे सिग्नल गाळणारा) आणि अँप्लिफायर आतच बसवलेली ती फ्लाइटअवेअरची प्रो स्टिक प्लस आहे, ती उलट जास्त सोयीची. व्ही-४ मी घेतला कारण मला बाकीच्या बँडवर पण खुडबुड करायची होती. इथे हातात पडेपर्यंत किट चार हजारांच्या वर गेलं, मूळ किंमत एक आणि वरचा खर्च वेगळा, कुरिअर कंपनीचं नाव घेत नाही पण कस्टम ड्युटीचा एसएमएस आधी आणि पार्सल नंतर कितीतरी दिवसांनी, मधल्या काळात फोन उचलायला कोणी नाही.

किटमध्ये टेलिस्कोपिक अँटेनाच्या दोन जोड्या येतात, मोठी आणि छोटी. विमानांसाठी छोटी. १०९० मेगाहर्ट्झची तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, त्याचा चौथा हिस्सा जवळपास सात सेंटिमीटर, तर दोन्ही दांड्या पट्टीने मोजून तेवढ्याच ओढायच्या आणि एक वर एक खाली अशा सरळ उभ्या ठेवायच्या. आडव्या किंवा सशाच्या कानांसारख्या तिरक्या ठेवू नका, विमानाचा सिग्नल उभ्या पोलरायझेशनचा असतो. एवढं करून खिडकीला चिकटवलं तरी मोपा विमानतळावर उतरणारी विमानं लगेच दिसायला लागतात, पहिलं विमान नकाशावर सरकताना दिसलं की जी मजा येते ती येतेच, त्यावर वेगळं काही लिहीत नाही.

पण खिडकीत बसून चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे काही मिळत नाही. मग साहजिक वाटतं की किटमधली तीन मीटरची एक्स्टेंशन केबल लावून अँटेना बाहेर काढू. ती केबल म्हणजे आरजी-१७४, बोरूच्या काडीपेक्षा बारीक, आणि एक गिगाहर्ट्झच्या आसपास ती मीटरला एक डीबी (डेसिबल) तरी खाते. तीन मीटर म्हणजे तीन डीबी, म्हणजे निम्मा सिग्नल केबलमध्येच संपला. ती टेबलावर प्रयोग करायला दिलेली केबल आहे, छपरावर न्यायला नाही.

आणि आपल्याकडे छप्पर म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. स्लॅब असला तरी पावसासाठी वर पत्र्याची शेड, गोव्यात अर्ध्या घरांना असते. त्या पत्र्याच्या खाली अँटेना ठेवलीत तर आभाळाच्या बाजूने सगळं बंद. पत्र्याच्या वर काढा, मग तोच पत्रा कामाला येतो, खालून ग्राउंड प्लेनसारखा, म्हणजे अँटेनाखालच्या धातूच्या पाटीसारखा. आमच्या शेडच्या कडेला जुना टीव्हीचा पाईप होता त्याच्यावर चढवली. केबल लावली आरजी-६, तीच आपली केबल टीव्हीची. लोक म्हणतील ती ७५ ओहमची, डोंगल ५० ओहमचा, जुळत नाही. नाही जुळत, पण त्या न जुळण्याने जाणारा सिग्नल पाव डीबीसुद्धा नसतो, आणि केबल मात्र मीटरला साधारण पाव डीबीच खाते. स्वस्त, जाड आणि डिचोली बाजारात कुठेही मिळते. कनेक्टर आमच्या केबलवाल्याकडून बसवून घेतले, त्याने वरचं काळं आवरण सोललं, जाळी मागे दुमडली, एफ कनेक्टर दाबून क्रिंप केला आणि मग वर बघून म्हणाला, ‘ताई, हें कितें? डिश खंय?’ मी म्हटलं डिश नाही, विमानं येतात याच्यावर. तो हसला. नंतर मोबाईलवर नकाशा दाखवला तेव्हा त्याचा भाऊ दुबईला असतो, त्याची फ्लाइट शोधत बसला. केबलच्या एफ कनेक्टरपासून डोंगलच्या एसएमए कनेक्टरकडे जायला छोटा अडॅप्टर लागतो, तो ऑनलाइनच मागवा. जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून गुंडाळा, साधी इन्सुलेशन टेप जूनचा पहिला आठवडा पण काढत नाही, पाणी एकदा केबलच्या जाळीत शिरलं की ती केबल फेकायचीच.

फिल्टर लागतो का? शहरात किंवा टॉवरच्या जवळ राहत असाल तर लागतोच. मोबाईलचा ९०० चा बँड टॉवरकडून ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झवर येतो, १०९० पासून काही लांब नाही, आणि हा डोंगल आठ बिटांचा, टॉवरच्या दणदणीत सिग्नलसमोर लांबच्या विमानाचा बारीक आवाज त्याला ऐकूच येत नाही. आमच्या मागच्या डोंगरावर टॉवर आहे. मी १०९० चा फिल्टर आणि अँप्लिफायर एकत्र असलेली डबी घेतली, ती अँटेनाला लागून वरच बसवायची, तिला वीज डोंगलमधूनच केबलवरून जाते, बायस टी म्हणतात, साडेचार व्होल्ट, सॉफ्टवेअरमधून चालू करावा लागतो. हे लावल्यावर जो फरक पडला तो डोंगल बदलून कधीच पडला नसता. समुद्राच्या बाजूला तीनशे किलोमीटरच्या पुढची विमानं दिसायला लागली.

फक्त समुद्राच्या बाजूलाच हं. हे गोव्यातल्या सगळ्यांनी आधी समजून घ्या म्हणजे पूर्वेला रेंज का नाही म्हणून डोंगलला शिव्या घालणार नाही. ३५ हजार फुटांवरचं विमान पृथ्वीच्या गोलाईच्या हिशोबाने सव्वाचारशे किलोमीटरपर्यंत दिसू शकतं, पण आमच्या पूर्वेला चोर्ल्याचा घाट उभा, तीसेक किलोमीटरवर आठशे मीटरची भिंत. त्यामुळे त्या बाजूला हिशोब अडीचशेवर येतो, तोही उंचावरच्या विमानांचा. बेळगावला सांब्रा विमानतळावर उतरणारं विमान सहा-सात हजार फुटांच्या खाली गेलं की माझ्या नकाशावरून गायब, दरवेळी साधारण त्याच उंचीला, घाटाची रेघ मारल्यासारखं. उलट मुंबईहून केरळकडे जाणारी विमानं रत्नागिरीच्या आधीपासून दिसतात आणि पार मंगळूरच्या जवळपर्यंत सोबत राहतात. माड आणि फणसाच्या मधोमध घर असेल तर अजून एक, भिजलेली पानं या फ्रिक्वेन्सीला बरंच अडवतात, आमची रेंज पावसाळ्यात दिसण्याइतकी कमी होते.

सॉफ्टवेअरवर फार लिहीत नाही, फुकट आहे आणि चांगलं आहे. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर रीडएसबी (मेसेज उलगडणारं) आणि टार१०९० (नकाशा दाखवणारं) टाका, घरातल्या कुठल्याही मोबाईलच्या ब्राउझरमध्ये नकाशा उघडतो. विंडोजवर करायचं असेल तर झॅडिग नावाच्या प्रोग्रॅमने ड्रायव्हर बदलावा लागतो, आणि व्ही-४ असेल तर ड्रायव्हर नवे लागतात, जुन्या व्हिडिओतल्या लिंकवरचे चालत नाहीत. गेनचं, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतो त्याचं, मात्र बघा. मोपा आमच्यापासून सरळ रेषेत वीसेक किलोमीटर, गेन पूर्ण ठेवला तर जवळच्या विमानांचे सिग्नल एवढे जोरात येतात की मेसेज फाटतात. -३ डीबीएफएसच्या वरचे (डोंगलच्या कमाल पातळीला टेकलेले) मेसेज पाच टक्क्यांच्या पुढे जात असतील तर गेन एक-दोन पायऱ्या उतरवा, लांबची विमानं वाढतात, हे उलटं वाटतं पण करून बघा.

खरा पैसा वसूल होतो तो पावसात. जुलैत एखाद्या संध्याकाळी आभाळ फाटतं तेव्हा नकाशावर समुद्रावर दोन-तीन विमानं एकाच जागी लांबट वेटोळी घालत असतात, एक दाबोळी विमानतळावर उतरायला खाली येतं, हजार-बाराशे फुटांवरून पुन्हा वर जातं, मग कोणी मोपाला वळतं कोणी थेट बेंगळुरूची वाट धरतं. आमचे काका पणजीहून फोन करतात, ‘अगं, पोरगी कुठपर्यंत आली बघ’, विमानतळावरच्या बोर्डापेक्षा आमच्या घरचा नकाशा लवकर सांगतो असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नाही, मधे कुठलाही सर्व्हर नाही. फक्त उंची वाचताना ध्यानात ठेवा, विमान सांगतं ती उंची १०१३ मिलिबार दाब धरून काढलेली, आणि आपल्याकडे भर पावसाळ्यात दाब १००४-१००५ च्या आसपास असतो, म्हणजे आकडा खऱ्यापेक्षा सव्वादोनशे-अडीचशे फूट जास्तच दिसतो.

दाबोळीला आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ आहे, त्यामुळे नेव्हीचं काही ना काही उडत असतंच. त्यातली बरीचशी लोकेशन पाठवत नाहीत, यादीत नुसता एक कोड आणि उंची येते. त्यांच्या मागे लागून स्क्रीनशॉट टाकत बसू नका, छंद आहे तो छंदच राहू दे.

डेटा फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरला पाठवला तर ते वरचा पेड प्लॅन फुकट देतात, रास्पबेरी पाय चोवीस तास चालू ठेवायची तयारी असेल तर करा, वीज नगण्य लागते. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात मात्र केबल डोंगलपासून काढून ठेवा, पत्र्याच्या वरची सगळ्यात उंच वस्तू तुमची अँटेना असते.

नातेवाईकांची फ्लाइट कधी येणार एवढंच बघायचं असेल तर यात पडू नका, अ‍ॅप आहे. पत्र्यावर चढायला कोणी नसेल आणि फ्लॅट पूर्वेकडे तोंड करून असेल तरी नको, निराश व्हाल. वास्को, दोना पावल, कळंगुटकडच्यांनी मात्र व्ही-४ च घ्यावा, कारण तोच डोंगल १६२ मेगाहर्ट्झवर लावला की मुरगाव बंदरात येणारी-जाणारी जहाजं एआयएसवर (जहाजांचं एडीएस-बीच म्हणा) दिसतात, त्याला किटमधली मोठी दांड्यांची जोडी वापरायची, प्रत्येकी पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास. आम्हाला डिचोलीत डोंगरामुळे त्यातलं एकही मिळत नाही.